थेरपी चालू असताना आईने बाहेर बाकावरच बसायचं का? (इंदूर)

सुदामानगरकर

नमस्कार. वर्षभर मी इथे नुसती वाचायला येते, आज पहिल्यांदा लिहितेय आणि लांबलचक होणारे, तेव्हा सवडीने वाचा.

आम्ही इंदूरचे. घरात सासूबाई, नवरा, मी, मोठी मुलगी सात वर्षांची आणि धाकटा, तो आता 2 वर्षं 8 महिन्यांचा आहे. दीड वर्षाचा झाला तरी बोट दाखवून काही मागायचा नाही, हाक मारली तर वळून बघायचा नाही, पण शेवेच्या डब्याचा आवाज आला की दुसऱ्या खोलीतून धावत यायचा. 'बाबा' आणि 'मम' असे दोन शब्द आले होते, तेही गेले. सगळे म्हणायचे की मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बाप पण तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता. मलाही तेच ऐकायला हवं होतं म्हणून मी तेच धरून बसले आणि त्यात सात महिने गेले. त्या सात महिन्यांचं मला अजून रात्री आठवतं.

मग डॉक्टरांनी आधी कानांची तपासणी करायला सांगितली, ती बेरा टेस्ट. मूल गाढ झोपलेलं लागतं म्हणून त्याला पहाटे चारला उठवलं आणि नवरा त्याला स्कूटरवर पुढे उभं करून राजवाड्याभोवती चकरा मारत राहिला, म्हणजे झोपायला नको. कान ठीक निघाले. नंतर दोन ठिकाणी तपासणी होऊन ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, सांगितलं.

आता मुद्द्यावर येते. चार महिने एका थेरपी सेंटरला जातोय, आठवड्यातून तीन दिवस, पाऊण पाऊण तास. दार बंद होतं, आम्ही आया बाहेर बाकावर. आत यायचं नाही, मुलं आईला बघून काम करत नाहीत असं म्हणतात. सुटल्यावर वहीत दोन ओळी मिळतात, 'सीटिंग बेटर, आय कॉन्टॅक्ट पुअर'. मी त्या दोन ओळींचं काय करू? आत काय केलं, घरी काय करायचं, काही कळत नाही. मग मी आपली नेटवरून फ्लॅशकार्ड आणली आणि दुपारी दोन-दोन तास त्याला घेऊन बसायला लागले. आता तो मला कार्डं काढताना बघितलं की पलंगाखाली जातो.

दुसरं, त्यांनी सांगितलं की घरात मराठी बंद करा, फक्त हिंदी बोला, पुढे शाळेत तीच लागणार, दोन भाषांनी मूल गोंधळतं. सासूबाई लग्न होऊन साताऱ्याहून आल्या त्याला चाळीस वर्षं झाली, त्यांची हिंदी भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी व्यवस्थित चालते, पण नातवाशी लाडात बोलायला त्यांना हिंदीत शब्दच सुचत नाहीत. त्या आता त्याच्याशी बोलतच नाहीत. नुसत्या जवळ बसतात.

हे असंच असतं का? कुणाकडे आईबापांना आत बसवतात का? आणि मराठीचं काय करू?

बडोदा_ओटी

ताई, मी बडोद्याला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे खाणं, आंघोळ, खेळ अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करते, लहान मुलांबरोबरच. आधी भाषेचं सांगते कारण ते आज संध्याकाळपासून बदलता येईल. आजींना म्हणावं मराठी बोला, पोटभर बोला. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येतं किंवा ऑटिझम असलेलं मूल जास्त मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. एक भाषा बंद केली तर मुलाचा तेवढा फायदा होत नाही, फक्त एक माणूस कमी होतं, आणि तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. आमच्याकडे तर घरात मराठी, जिन्यात गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशी मुलं रोज येतात.

आता बाकाचं. क्वचित एखाद्या सेशनला मूल एकटं घ्यावं लागतं, ते मी समजू शकते, पण चार महिने दार बंद हे मला पटत नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल खोलीत शिकलेलं घरी आपोआप आणत नाही, आणि तो आठवड्याला तुमच्या घरात जागेपणी ऐंशीएक तास असतो, तिकडे सव्वादोन. म्हणून जगभर आता शीघ्र हस्तक्षेपाचा, म्हणजे लहानपणीच लवकर मदत सुरू करण्याचा, भर घरच्यांबरोबर काम करण्यावर आहे, ज्याला फॅमिली सेंटर्ड म्हणतात. थेरपिस्टने तुमच्या घरातला दिवस समजून घ्यायचा, आंघोळ, नाश्ता, चपला घालणं, झोप, आणि तुम्हाला कुठे अडतंय ते विचारायचं. ध्येय काय ठेवायचं ते तुम्ही सांगायचं. 'खाली बसून डोळ्यात बघणे' हे ध्येय तुमचं आहे का? का तुम्हाला असं वाटतं की त्याला तहान लागली तर त्याने कसंतरी सांगावं?

गोवा आणि रावळपिंडी इथे पास नावाचा एक अभ्यास झाला, 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे तज्ज्ञ नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आईबाप आणि मूल खेळतानाचे छोटे व्हिडिओ काढले आणि ते आईबापांबरोबर बसून बघितले. कुठे मूल काही सांगू बघत होतं, तेव्हा आपण काय केलं, एवढंच. आईबाप मुलाच्या कलाने बोलायला लागले आणि मुलं आपणहून पुढाकार जास्त घ्यायला लागली. मोठी यंत्रं नाहीत, महागडी खेळणी नाहीत.

तुम्ही पण एक करा. नाश्त्याच्या वेळचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ काढा, कुणालाही काही खास करायला न सांगता. इथे टाकू नका, मुलाचा चेहरा आहे. तुमच्या थेरपिस्टना दाखवा आणि म्हणा की ह्यातलं मला समजावून सांगा. त्या तयार नसतील तर दुसऱ्या शोधा. आणि फ्लॅशकार्डं आजच कपाटात ठेवा.

ग्वाल्हेरची_काकू

बाळ सुदामानगरकर, तुझं वाचून डोळ्यात पाणी आलं गं. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

माझा नातू सातव्या महिन्यात झाला, आता पाच वर्षांचा आहे. सहा महिन्यांचा असताना माझ्या लक्षात आलं की तो डावी मूठ उघडतच नाही, खुळखुळा नेहमी उजव्याच हातात. मला वाटलं उजवखुरा आहे. डॉक्टर म्हणाले वर्षाच्या आत मूल एकच हात वापरत असेल तर ते लक्षण आहे, थांबू नका. सेरेब्रल पाल्सी निघाली, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातापायांच्या हालचालींना अडचण. इथे ज्यांची बाळं लवकर झालेली आहेत त्यांनी एवढं ध्यानात ठेवा.

पहिल्या ठिकाणी व्यायाम द्यायचे, तो रडून रडून निळा व्हायचा आणि सून पण रडायची. नंतर ज्या ताई मिळाल्या त्यांनी पहिल्या दिवशी त्याला हातच लावला नाही. विचारलं, काकू तुमच्या घरात सगळे एकत्र कधी बसतात? मी म्हटलं रात्री जेवायला, खाली, पंगतीला. हे पाट मांडतात, आमच्याकडे अजून तसंच आहे. त्यांनी विचारलं हा तेव्हा कुठे असतो? तर तो आईच्या मांडीवर नाहीतर खाटेवर आडवा. त्या म्हणाल्या मग ह्याला पंगतीत बसवायचं, हेच आपलं काम. सुताराकडून कोपऱ्यासारखी पाठ असलेली छोटी खुर्ची करून घेतली, पाटाच्या उंचीची, पुढे लाकडाचा ट्रे. सुताराने पैसे घेतले नाहीत, पण ते असो. डावा हात ट्रेवर उघडा ठेवायचा, त्यावर भाताचं शीत चिकटवायचं आणि ते त्याने उजव्या हाताने काढायचं. तोच व्यायाम! पण आजोबांच्या शेजारी बसून. दोन महिन्यांत रडणं थांबलं.

एक_बाबा_इंदूर

मी जरा वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

माझी मुलगी चार वर्षांची, ऑटिझम. आमच्याकडे उलटं झालं. सेंटरवाल्यांनी सांगितलं की घरच खरी थेरपी आहे, आणि बायकोला पंधरा पानांचा प्रोग्रॅम दिला. सकाळी ब्रश करताना हे, कपडे घालताना ते, खेळताना हे मोजा, झोपताना तक्त्यात लिहा. तिने नोकरी सोडली. वर्षभराने ती मला म्हणाली की मी हिची आई राहिलेच नाही, मी हिची टीचर झालेय, आणि ती मला बघून हसत नाही. मी तेव्हा सकाळी आठला निघायचो, रात्री नऊला यायचो आणि तक्ता भरला का विचारायचो. हे लिहिताना लाज वाटते पण लिहितोय.

तेव्हा 'फॅमिली' म्हणजे आई असं करू नका. आणि शिकलेल्या माणसाने मुलाबरोबर थेट काम करणं पण लागतं, सगळं घरच्यांवर टाकून सेंटरने हात झटकायचे हे चालणार नाही.

बडोदा_ओटी

अजिबात राग नाही दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पंधरा पानं देणं म्हणजे फॅमिली सेंटर्ड नाही. ते सेंटरच घरात उचलून आणणं झालं. घरच्यांना आधार द्यायचा असतो, कामाला लावायचं नसतं. मी एका वेळी घरातला एकच प्रसंग घेते, फार तर दोन, आणि तो असा की जो तसाही रोज घडतोच. आई दमलेली असेल तर पहिलं ध्येय आईची झोप. आमच्याकडे एका घरात पहिले सहा आठवडे आम्ही फक्त एवढंच केलं की रात्री बाळाला कोण झोपवणार ह्याची पाळी लावली.

थेट कामाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. गिळायला त्रास होणारं मूल, आकडी येणारं मूल, स्नायू कडक असलेलं मूल, इथे तज्ज्ञाचा हातच लागतो. प्रश्न दाराचा आहे. तो हात आईबापांच्या समोर चालावा.

आज वहिनी कशा आहेत?

एक_बाबा_इंदूर

बरी आहे. अर्धा दिवस नोकरी परत धरली. आंघोळ आणि रात्रीची गोष्ट माझ्याकडे आहे आता, तक्ता नाही.

अंगणवाडी_वाली

मी महिला बाल विकासमधून निवृत्त झाले, सुपरवायझर होते, इंदूर जिल्ह्यातच. सगळे खाजगी सेंटरबद्दलच लिहितायत म्हणून सरकारी बाजू सांगते, कारण पुष्कळांना माहीतच नसतं.

फेब्रुवारी 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आरबीएसके म्हणतात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. टीम गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते, जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर असं चारही बघते. ज्यांच्यात काही सापडतं त्यांना जिल्हा पातळीवर डीईआयसीला पाठवतात, म्हणजे जिला शीघ्र हस्तक्षेप केंद्र. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, स्पीच, मानसतज्ज्ञ हे सगळे एका छताखाली असावेत अशी योजना आहे. प्रत्येक पद प्रत्येक वेळी भरलेलं असतंच असं नाही, गर्दी पण असते, पण तपासणीला आणि रेफरलला पैसे पडत नाहीत. तुमचं मूल अंगणवाडीत जात नसलं तरी अंगणवाडीच्या दीदीला जाऊन विचारायला काही हरकत नाही.

आणि मातृ-शिशू कार्ड! गरोदरपणी मिळतं ते. लसीच्या तारखा बघायला तेवढं उघडतात आणि फाईलमध्ये ठेवतात. त्यात कोणत्या महिन्याला बाळाने काय करायला हवं ते चित्रांसकट दिलंय. आम्ही घरोघरी ते पान उघडून दाखवायचो. आया वाचायच्या, सासवा म्हणायच्या आमच्या वेळी नव्हतं असलं काही, आणि मग त्याच सासवा शेजारच्या नातवाचं पान बघून सांगायला यायच्या की मॅडम, ह्याच्याकडे बघा जरा.

भोपाळला सीआरसीमध्येही, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या प्रादेशिक केंद्रात, शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, 2021 च्या जूनमध्ये देशात चौदा ठिकाणी सुरू झाली त्यातलं. इंदूरहून रोज जाणं शक्य नाही, पण एकदा नीट तपासणी आणि घरी करायचा आराखडा घ्यायला जाता येतं.

निमाडची_लेक

कुणी ऑटिझमवरच्या स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचाराबद्दल सांगेल का? आम्हाला एकाने खूप मोठा आकडा सांगितलाय आणि म्हणतात बोलायला लागेल. सासरे जमीन विकायचं म्हणतायत.

बडोदा_ओटी

नको नको, जमीन विकू नका. ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच स्पष्ट केलंय. सासऱ्यांना हे दाखवा. तुम्हाला वाटलं तर मला निरोप टाका, मी त्यांच्याशी फोनवर बोलेन.

सुदामानगरकर

तीन आठवड्यांनी लिहितेय. काय काय झालं ते सांगते.

त्या सेंटरला मी विचारलं की मला आत बसू द्या, ते नाही म्हणाले, वाद घातला नाही, महिना पूर्ण करून सोडलं. आता एक तरुण स्पीच थेरपिस्ट मिळाली आहे, आठवड्यातून एकदाच येते, पण घरी येते आणि सगळे असतील अशा वेळी येते. नवऱ्याने त्या दिवशी दुकान अकराला उघडायचं ठरवलंय.

तिला मी नाश्त्याचा व्हिडिओ दाखवला. आमच्याकडे रविवारी पोहे, वर शेव, तो शेवेसाठी वेडा आहे. व्हिडिओत मी आहे, त्याच्या ताटलीत शेव घालतेय आणि 'बोलो सेव, बोलो सेव' म्हणतेय, आणि तो माझ्याकडे बघतच नाहीये. मला वाटलं आता ती मला चुका दाखवणार. तिने ते पुढे ढकललं आणि म्हणाली हे बघा. पुढे सासूबाई त्याला दुसऱ्यांदा शेव देतायत. त्यांची बोटं संधिवाताने आखडलेली, डब्याचं झाकण घट्ट, त्यांना उघडायला वेळ लागतो. त्या गप्प बसून झाकणाशी झटतायत आणि तो आधी डब्याकडे बघतो, मग त्यांच्या बोटांकडे, मग त्यांच्या मनगटावर हात ठेवतो आणि वर त्यांच्या तोंडाकडे बघतो. सरळ डोळ्यात. दोन सेकंद तरी. मी त्या वेळी समोर बसले होते आणि मला दिसलं नव्हतं कारण मी चहा गाळत होते.

ती म्हणाली, आजींना झाकण उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याला लागतो.

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, म्हणजे मी करत्ये ते बरोबर आहे का गं? आणि मग त्यांना इतकं भरून आलं की त्या आत निघून गेल्या.

आता ठरलंय ते असं. आजींनी शेव द्यायची, मराठीत बोलायचं, तो बघेपर्यंत थांबायचं आणि बघितलं की 'उघडू?' एवढंच म्हणायचं. मी आंघोळीला, पाण्याचा मग भरून वर धरायचा आणि थांबायचं, ओतायचं नाही. नवऱ्याने स्कूटरवर, चावी लावून थांबायचं. ताईने त्याच्याशी खेळायचं असेल तर खेळायचं, नसेल तर नाही, तिच्यावर काही जबाबदारी नाही, हे थेरपिस्टने तिच्यासमोरच सांगितलं. आणि दुपार मोकळी. दुपारी मी झोपते. चार महिन्यांनी दुपारी झोपले मी.

ग्वाल्हेरची_काकू

सासूबाईंना म्हणावं, ग्वाल्हेरहून एक बाई तुमच्या संधिवाताला हात जोडतेय.

लोकमान्यनगर_आई

आम्ही पण त्याच टप्प्यावर आहोत, मुलगी अडीच वर्षांची. पैशांचं कुणी सांगाल का? घरभाड्याइतके थेरपीत जातायत.

एक_बाबा_इंदूर

आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा, ऑनलाईन अर्ज होतो, मग वैद्यकीय बोर्डासमोर तपासणी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वात ऑटिझम आहे. आपल्याला ते कार्ड काढताना फार जड जातं, आम्ही आठ महिने अर्ज भरून तसाच ठेवला होता. पण त्याने मुलीत काही बदल होत नाही, फक्त दारं उघडतात.

नॅशनल ट्रस्ट ह्या सरकारी संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता ह्या चारांसाठी. त्यात ओपीडीतल्या थेरपीचा खर्च पण मर्यादेत धरतात, म्हणून सगळ्या पावत्या तारखेसकट जपून ठेवा, नुसत्या चिठ्ठ्या चालत नाहीत. आणि प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत असाल तर अपंग मुलासाठी 75,000 ची वजावट, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000.

लोकमान्यनगर_आई

धन्यवाद दादा. अर्ज आज रात्रीच भरते.

सुदामानगरकर

दोन महिन्यांनी परत. आज सकाळी तो म्हणाला 'उघ'.

आधी दोन आठवडे नुसता मनगटावर हात. मग हात आणि बघणं. मग एक दिवस डबा उचलून स्वतः आजींच्या मांडीत आणून ठेवला. मधे तापाने आठ दिवस सगळं बंद पडलं, परत पलंगाखाली जायला लागला, मला वाटलं गेलं सगळं. थेरपिस्ट म्हणाली थांबा, काही नवीन करू नका, फक्त आजी आणि डबा चालू ठेवा. आणि आज 'उघ'. आजींनी लगेच उघडायला घेतला पण हात थरथरत होते, तर त्याने अजून दोनदा म्हटलं, 'उघ, उघ'.

बोलायला लागला असं मी म्हणत नाहीये. हाकेला अजून दहात तीनदा वळतो, केस कापायला नेणं अजून युद्ध आहे, गणपतीत ढोल वाजले की कान धरून ओरडतो. पण त्याने एका माणसाला एक गोष्ट सांगितली.

नवऱ्याने गेल्या महिन्यात आईंना त्रास नको म्हणून चापाचा नवा डबा आणला होता. तो माळ्यावर ठेवून दिलाय.

आता पुढचा प्रश्न. जूनमध्ये तो सव्वातीन वर्षांचा होईल. रामबाग, लोकमान्यनगर बाजूला कुणाला अशी छोटी बालवाडी माहीत आहे का, जिथे पहिला महिना आजींना आत बसू देतील? बाहेर बाकावर नाही, आत.

अंगणवाडी_वाली

दोन ठिकाणी मी स्वतः जाऊन विचारते. मात्र आधी आमच्या जुन्या केंद्राच्या दीदीला एकदा भेटा, 2023 पासून दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीचा वेगळा प्रोटोकॉल आलाय, ती त्याचं प्रशिक्षण घेऊन आलेली आहे आणि मनाने फार चांगली आहे. गुरुवारी सकाळी गर्दी कमी असते. आजींना घेऊन या, आणि डबा पण आणा.